‘ती आपल्यात बसेल का?’

कार्यकर्ती निवडताना आपल्या संस्थांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘मुलगी हुशार आहे, पण आपल्यात बसेल का?’ आज या ‘बसेल का’बद्दल बोलायचं आहे.

प्रश्न मुळात गैर नाही. मार खाऊन आलेल्या बाईला ‘थोडं सोसून घे’ असं सांगणारी कार्यकर्ती आपल्याला चालणार नाही. पण ‘आपल्यात’ म्हणजे आपल्या मूल्यांत की आपल्या गोतावळ्यात? हे स्पष्ट नसलं की भाषा, आडनाव, राहणी सगळंच गुपचूप मोजलं जातं.

सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. कंपन्यांचे भरती अधिकारी म्हणत, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. पण उमेदवाराची ‘घरची पार्श्वभूमी’ मात्र आवर्जून विचारत. जातीचं नाव न घेता जात मोजली जात होती. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी दाखवून दिलं, की पात्रता सारखी असूनही दलित नावाच्या अर्जांना बोलावणं कमी येतं.

आपल्याकडे काय दिसतं? वस्तीतली बाई वर्षानुवर्षं मानधनावर, आणि माझ्यासारखी एम.एस.डब्ल्यू. झालेली थेट समन्वयक. कारण विचारलं तर ‘तिला अहवाल लिहिता येत नाही.’ अहवाल लिहायला शिकवता येतं. वस्तीतल्या बायकांचा विश्वास मात्र कुठल्याही प्रशिक्षणात मिळत नाही.

म्हणून पुढच्या निवडीच्या वेळी एवढं करू या. कामाला कोणती मूल्यं लागतात, ते मुलाखतीआधी कागदावर लिहू. वडील काय करतात, लग्न कधी करणार, हे प्रश्न बंद. सगळ्यांना एकच प्रसंग देऊ : रात्री घराबाहेर काढलेली बाई आली आहे, तिला पोलिसांत जायचं नाही, तुम्ही काय कराल? उत्तर मराठीत द्या, अहिराणीत द्या. आणि निवड समितीत वस्तीतली एक कार्यकर्ती असेल, तिच्या मताला आपल्याइतकंच वजन असेल.

अशाने बैठकीत वाद वाढतील, हे खरं. पण सगळ्या एकाच घरातल्या वाटाव्यात अशी संस्था हवी असेल, तर बाकीच्या बायकांनी आपल्याकडे का यावं?