औषधविक्रेत्याची जबाबदारी



या व्यासपीठावर साहित्यिक येतात, इतिहाससंशोधक येतात. औषधे विकणाऱ्याने येथे काय सांगावे, असा प्रश्न आम्हांस प्रथम पडला. पण या सभेत असा एकही गृहस्थ नसेल की, जो वर्षातून चारदोन वेळा आमच्या फळीपुढे उभा राहत नाही. डॉक्टर रोग्याला पाच मिनिटे पाहतो. त्याने लिहिलेले औषध मात्र शेवटी आमच्या हातून रोग्याच्या हाती जाते. तो हात कोणाचा आहे, हे विचारण्याचा आपणांस हक्क आहे.

आपल्यांतील वडीलधाऱ्या मंडळींना जुना कंपौंडर आठवत असेल. तो खलात पुडी घोटी, बाटलीत मिश्रण भरी आणि घोट मोजण्यासाठी कागदाची कातरलेली पट्टी बाटलीस चिकटवी. त्याची विद्या अनुभवाची होती. परीक्षा बहुधा नव्हती. त्या काळी बाजारात भेसळीची व निकस औषधे इतकी बोकाळली की, 1930 साली सरकारला कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्यातूनच पुढे 1940 चा औषध कायदा, 1945 चे नियम आणि 1948 चा फार्मसी कायदा आला. पहिल्या दोहोंनी औषध कसे असावे हे ठरविले. तिसऱ्याने ते देणारा माणूस कसा असावा हे ठरविले.

या तिसऱ्या कायद्याचे 42 वे कलम प्रत्येक नागरिकाने ध्यानात ठेवावे. डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषध तयार करणे, मिसळणे वा देणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणासही करता येत नाही. स्वतःच्या रोग्यांना औषध देणारा डॉक्टर तेवढा त्यातून वगळला आहे. कायदा आला तेव्हा जुन्या कंपौंडरांना वाऱ्यावर सोडले नाही. पाच वर्षे काम केलेल्यांना पहिल्या नोंदवहीत जागा दिली. त्यानंतर मात्र पदविका, परीक्षा आणि नोंदणी ही वाट ठरली.

इंग्लंडात फार्मासिस्टच्या हाताखाली काम करणाऱ्या तंत्रज्ञांचा वेगळा वर्ग आहे. 2011 पासून त्यांनाही नोंदणी सक्तीची झाली. चूक केली तर त्यांना स्वतः जाब द्यावा लागतो. आपल्याकडे असा वर्गच नाही. दुकानात बरण्या पुसणारा, माल लावणारा आणि पुढे सवयीने चिठ्ठ्याही वाचू लागणारा जो मुलगा असतो, त्याला कायद्याच्या लेखी स्थान नाही. त्याने फार्मासिस्टच्या देखत मदत करावी. पण जबाबदारी फार्मासिस्टची, आणि परवाना ज्याच्या नावे त्या मालकाची.

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही दुपारी जेवावयास घरी गेलो होतो. आमचे प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत होते. आम्ही मात्र तेथे नव्हतो. एक वृद्ध बाई चिठ्ठी घेऊन आल्या. मदतनीस मुलाने अक्षर लावले आणि आम्लपित्ताच्या गोळीऐवजी, नावात साम्य असलेली, रक्तातील साखर उतरविणारी गोळी दिली. रात्री बाईंना घाम सुटला, भोवळ आली. नातवाने साखरेचे पाणी पाजून दवाखान्यात नेले म्हणून जीव वाचला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा रडत आमच्यापुढे उभा राहिला. आम्ही त्याला एक शब्दही बोललो नाही, कारण गुन्हेगार तो नव्हता. चौकटीतला कागद गोळी वाचीत नाही.

आणि हे केवळ आमचेच पाप नव्हते. प्रमाणपत्र एकाचे, दुकान दुसऱ्याचे, फळीवर तिसराच, असा व्यवहार महाराष्ट्रात सर्रास चाले. 2012 च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टच्या हजेरीबद्दल कडक तपासण्या सुरू केल्या, तेव्हा आमच्या धंद्यात केवढा आरडाओरडा झाला! त्या ओरडण्यात आमचाही सूर होता, हे कबूल करतो. पुढे 2015 च्या नियमांनी नाव भाड्याने देणे हे व्यवसायातील गैरवर्तन ठरविले. रोग्याला औषधाबद्दल समजावून सांगणे हे कर्तव्य ठरविले. आणि पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्गांना बसण्याची अट घातली. एकदा परीक्षा दिली की जन्मभराची निश्चिंती, हा समज तेथे संपला.

आता आपल्या गावाकडे वळू. ज्या गोळीला मालेगावात 'कुत्ता गोली' म्हणतात, ती वस्तुतः अल्प्राझोलम नावाची मनाची बेचैनी शमविणारी औषधी आहे. योग्य रोग्याला, योग्य मात्रेत ती उपकारक. पण नशेसाठी ती तरुणांच्या खिशात जाते आणि पोलिसांना वेळोवेळी धाडी घालाव्या लागतात. ही गोळी आकाशातून पडत नाही. कोठल्या तरी साखळीतून ती निसटते. 1 मार्च 2014 पासून ती 'एच-एक' या अनुसूचीत आहे. तिच्या विक्रीची वेगळी वही ठेवावी लागते. डॉक्टरचे नाव व पत्ता, रोग्याचे नाव, औषध व त्याची संख्या तीत लिहून वही तीन वर्षे जपावी लागते. याच अनुसूचीत क्षयावरील औषधे आणि वरच्या पायरीची प्रतिजैविके आहेत. चार गोळ्या मागून घेऊन ताप उतरताच सोडून देणारा मनुष्य जंतूंना औषध पचवावयास शिकवितो. उद्या तेच जंतू शेजाऱ्याच्या लेकराला गाठतात. म्हणून "चिठ्ठी नाही, तर गोळी नाही" असे आम्ही म्हणतो तेव्हा ती अरेरावी समजू नये.

केवळ विक्रेत्यावर भिस्त ठेवून भागत नाही, हेही खरे. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी ग्लिसरॉलने 14 रोगी दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने कारखान्यापासून मंत्रालयापर्यंतची ढिलाई उघडी केली. 2025 साली मध्यप्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या दूषित औषधाने बालके गेली. साखळीच्या प्रत्येक कडीवर माणूस जागा हवा. आमची कडी शेवटची. तिच्यापुढे फक्त रोग्याचा ओठ आहे.

आपणांकडे तीनच मागणी आहेत. दुकानात गेल्यावर "फार्मासिस्ट कोण?" असे निःसंकोच विचारा. वेष्टनावर तांबड्या चौकटीतील इशारा दिसला तर चिठ्ठीशिवाय ते मागू नका. आणि पावती घेतल्याखेरीज पायरी उतरू नका. तीवरील घाण्याचा क्रमांक व मुदतीची तारीख हाच उद्या आपला पुरावा.

ती वृद्ध बाई पुढे अनेक वर्षे आमच्याकडेच येत राहिली. गोळ्या हातात घेतल्यावर ती दर वेळी विचारी, "भाऊ, तू स्वतः पाहिल्यास ना?" आमच्या सगळ्या कायद्याचे सार त्या एका प्रश्नात आहे. तो प्रश्न तुम्हीही विचारीत जा.