एका दिवसात एकच युद्ध



मी आर्णीचा. इतिहास शिकवण्यात तीस-बत्तीस वर्षं गेली आणि त्या काळात मी मुलांच्या जेवढ्या सहली काढल्या, त्यातल्या निम्म्या तरी फसल्या. फसल्या म्हणजे काही अघटित घडलं असं नव्हे. सगळी मुलं सुखरूप घरी पोचली. पण आईनं विचारलं, "काय पाहिलं रे?" तर उत्तर "किल्ला". कोणता? आठवत नाही. कोण लढलं तिथं? तेही नाही. बसमध्ये कोणाला मळमळलं आणि बिस्किटाचा पुडा कोणी पळवला, तेवढं मात्र पक्कं लक्षात. चूक मुलांची नव्हती. सकाळी किल्ला, दुपारी देऊळ, मग धरण, संध्याकाळी बाग, असा बेत मीच आखला होता.

आता हिवाळा लागला की माझे जुने विद्यार्थी फोन करतात. बरेचसे नागपूरला नोकरीला आहेत. म्हणतात, "सर, रविवार मोकळा आहे. पोरांना लढाईची एखादी जागा दाखवायची आहे. सकाळी निघून रात्री परत यायचं. कुठं जाऊ?" त्यांना जे सांगतो तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

पहिला नियम असा, की एका दिवसात एकच युद्ध घ्यायचं. जागा दोन-तीन चालतील, पण त्या एकाच गोष्टीतल्या हव्यात आणि गोष्ट ज्या क्रमानं घडली त्याच क्रमानं पाहायला हव्यात. नागपूरकरांना यासाठी सर्वांत सोयीचं युद्ध म्हणजे १८१७-१८चं, मराठे आणि इंग्रज यांच्यातलं शेवटचं. त्याची सुरुवात पुण्याजवळ खडकीला झाली, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी. २० फेब्रुवारी १८१८ला सोलापूरकडच्या आष्टीला पेशव्याचे सेनापती बापू गोखले पडले. पण या युद्धाचे तीन मोठे प्रसंग आपल्या विदर्भात घडले. नागपूरला सीताबर्डी, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा आणि तिकडे चंद्रपूर, म्हणजे तेव्हाचं चांदा. या तिन्ही जागा एका फेरीत बसतात. नागपूर ते पांढरकवडा सुमारे दीडशे किलोमीटर, तिथून वणी-घुग्गुसवरून चंद्रपूर शंभरेक आणि चंद्रपूरहून वरोरा-जांबमार्गे नागपूर पुन्हा दीडशे. चारशे किलोमीटर झाले. गाडीत सात-आठ तास जाणार, म्हणून बेत काटेकोर हवा.

सीताबर्डी त्या दिवसात घालूच नका, आदल्या संध्याकाळी उरका. लढाईही संध्याकाळीच पेटली होती, २६ नोव्हेंबर १८१७ला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. तिथला किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. सामान्य माणसाला तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच खुला असतो, त्यामुळे आत जायचं असेल तर आधी चौकशी करा. पण आत गेलं नाही तरी बिघडत नाही. झिरो माईलच्या दगडापासून चालत निघा आणि टेकडी गणपतीला या. हे देऊळ त्याच टेकड्यांच्या कुशीत आहे. मुलांना सांगा की इथं दोन टेकड्या आहेत, एक मोठी आणि एक छोटी. इंग्रजांच्या रेसिडेंट जेंकिन्सच्या बाजूचे दीड हजाराच्या आसपास शिपाई त्यांवर बसलेले आणि सभोवती नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसल्यांची अठरा हजारांची फौज. भोसल्यांकडच्या अरबांनी छोटी टेकडी घेतली आणि तिथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. तेवढ्यात इंग्रजांकडच्या घोडदळानं खाली मैदानात अचानक चाल केली आणि पारडं फिरलं. छोटी टेकडीही परत गेली.

मग मुलांना एक काम द्या. दोन टेकड्यांमध्ये साधारण तीनशे यार्डांचं अंतर होतं. तेवढी पावलं रस्त्यानं मोजायला लावा. त्या काळची बंदूक शंभर यार्डांपलीकडे नेमका नेम धरू शकत नसे. एवढं कळलं, की छोटी टेकडी हातची जाणं म्हणजे काय, हे दहा वर्षांच्या पोरालाही समजतं. इंग्रजांच्या बाजूनं लढणारे बहुतेक मद्रास आणि बंगालच्या पलटणींतले हिंदी शिपाई होते आणि भोसल्यांच्या बाजूचे सर्वांत कडवे लढवय्ये अरब होते, हेही सांगा. आपले आणि परके अशी सरळ रेघ तिथं ओढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला नागपूर सोडा. दक्षिणेकडे जाणारा महामार्ग ४४ धरा. इथं एक सावधगिरी. इंग्रजी कागदपत्रांत पांढरकवड्याजवळच्या लढाईच्या गावाचं नाव सिवनीसारखं लिहिलेलं आहे. ते आपलं शिवणी. फोनवरच्या नकाशात नुसतं सिवनी टाकलंत, तर तो तुम्हाला मध्य प्रदेशात नेईल, याच महामार्गानं, पण थेट उलट्या दिशेला. आष्टीचंही तसंच. बापू गोखल्यांची आष्टी सोलापूर जिल्ह्यात आहे. वर्धा जिल्ह्यातली आष्टी १९४२च्या हुतात्म्यांची आणि बीड जिल्ह्यातली तिसरीच. म्हणून गावाबरोबर तालुका आणि जिल्हा लिहूनच ठिकाण शोधा.

चहाला हिंगणघाटला थांबा. उगाच नाही सांगत. १८१८च्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या कर्नल अ‍ॅडम्सची फौज इथंच होती. अप्पासाहेब कैद झाले होते, पण त्यांची आणि पेशवा दुसऱ्या बाजीरावाची आधीच आतून बोलणी झालेली होती. आष्टीच्या पराभवानंतर पेशवा चांद्याच्या आशेनं आपल्याकडे वळला. वडनेर सोडलं की वर्धा नदीचा पूल लागतो. पुलावर गाडी उभी करू नका, पलीकडे जागा पाहून थांबा आणि मागे वळून पात्र बघा. पेशव्याला नागपूर नाहीतर चांदा गाठायचं तर ही नदी ओलांडणं भाग होतं आणि इंग्रजांना ती ओलांडू द्यायची नव्हती. पेशव्याची पुढची तुकडी वरोऱ्यापर्यंत गेली आणि तिथून मागं रेटली गेली. नदीकाठची ही दहा मिनिटं पुस्तकातल्या दहा पानांएवढी आहेत.

साडेआठ-नऊला पांढरकवडा येईल. आम्ही आर्णीकर घाटंजीवरून दोन तासांत तिथं पोचतो. नागपूरचे आणि गावाकडचे भाऊबंद तिथं एकत्र भेटले तर उत्तमच. १७ एप्रिल १८१८ला याच परिसरात बाजीरावाची गाठ अ‍ॅडम्सशी पडली. मागून इंग्रजांच्याच डव्हटनची फौज पाठलागावर होती. तिला चुकवायला जावं तर समोर अ‍ॅडम्स. त्याच्याजवळ घोडदळ होतं आणि घोड्यांनी ओढायच्या हलक्या तोफा होत्या. पेशव्याच्या उरलेल्या पाच तोफा तिथं गेल्या, तो स्वतः कसाबसा निसटला आणि फौज पांगली. दीड महिन्यानं, जूनच्या सुरुवातीला, तो असीरगडाजवळ इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरला गेला तो कायमचा.

ही मैदानी लढाई. बुरूज नाही, दरवाजा नाही. वावरं, नाले, पांदणी आणि काळी माती. मुलं म्हणतील, इथं तर काहीच नाही. इथंच तुमची खरी परीक्षा असते. माझी कशी झाली ते सांगतो.

एका वर्षी मला घाई झाली आणि मी ऑगस्टमध्ये वीसेक मुलांना घेऊन मेटॅडोर काढली. रात्रभर पाऊस झाला होता. ड्रायव्हर नको म्हणत होता, मी म्हटलं, पांदणीनं जरा आत घे. शंभर पावलांत चाकं अर्धी बुडाली. मुलं उतरली, ढकलायला लागली, ढोपरापर्यंत चिखल. चपला मातीत राहिल्या त्या अजून तिथंच असतील. तीन तासांनी शेजारच्या शेतकऱ्यानं बैलजोडी आणली, मग आणखी एक. दोन जोड्यांनी गाडी बाहेर काढली. मी शरमून उभा होतो. एका मुलानं विचारलं, "सर, मग तोफ कशी नेत असतील?" मी काही बोलायच्या आत तो शेतकरीच म्हणाला, "तोफ वढाले बैल तं आमच्याच गोठ्यातले नेले असतीन ना गुरुजी."

श्रोतेहो, त्या एका वाक्यात अर्धा इतिहास आला. त्या काळी जड तोफ ओढायची ती बैलांनीच. म्हणून आपल्याकडे फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत, माती वाळली की. म्हणूनच घोड्यांच्या तोफा घेऊन येणाऱ्यापुढं बैलांच्या तोफा सांभाळत पळणारा मागं पडतो. आणि लढाई दोन-चार तासांची असली, तरी फौजेची भूक रोजची असते. तिला धान्य लागतं, कडबा लागतो, बैल लागतात, ते गावांतूनच जातात. हे सांगायला बुरूज लागत नाही. काळी माती पुरते.

म्हणून जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात. पावसाळ्यात माती सोडत नाही आणि १७ एप्रिलची तारीख साधायला जाल तर ऊन सोडत नाही. हिवाळ्यात कपाशीची वेचणी सुरू असते. कोणाच्याही वावरात विचारल्याशिवाय पाय ठेवू नका, धुऱ्यानं चाला, बोंडाला हात लावू नका. गावात पारावर बसलेल्या जाणत्या माणसाला आधी रामराम करा, मग विचारा. जुन्या वाटा आणि नाल्याचे उतार त्याला नकाशापेक्षा बरे ठाऊक असतात. तासभर चाला. एकानं त्या दिवसाची हकिगत मोठ्यानं वाचावी. ती घरूनच एका पानावर लिहून न्या, कारण शेतात फोनला रेंज मिळेलच असं नाही. पाणी माणशी तीन लिटर आणि शिदोरी घरची.

साडेअकराला वणीकडे निघा. वणी-घुग्गुस हा कोळसा खाणींचा पट्टा, रस्त्यावर कोळशाचे ट्रक. ओव्हरटेक करायची घाई नको. नकाशा सांगेल त्यापेक्षा अर्धा तास जास्त धरा.

दोनपर्यंत चंद्रपूर. पांढरकवड्यानंतर अ‍ॅडम्स इथंच आला. गोंड राजांनी बांधलेला हा परकोट अख्ख्या शहराला वेढून आहे. उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे, शिवाय खिडक्या. सगळं बघायचा हट्ट धरू नका. पठाणपुरा दरवाजा घ्या आणि तटाचा जेवढा भाग चालता येईल तेवढा चाला. इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी २०१७पासून या तटाची साफसफाई केली, म्हणून आज तो दिसतो तरी. झरपट आणि इरई या नद्या तटाच्या दोन अंगांना कशा आहेत ते पाहा. बाहेर तोफा लागल्या, तटाला खिंडार पडलं, २० मे १८१८ला इंग्रज फौज आत घुसली. भोसल्यांचा किल्लेदार गंगासिंग लढता लढता मारला गेला. मे महिन्यातलं चंद्रपूर ज्यांनी अनुभवलंय, त्यांना ते तापलेले दगड आणि तापलेल्या तोफा मी वेगळ्या सांगायला नकोत.

चंद्रपुरात कोणीतरी हमखास म्हणेल, "इथंच बाबुराव शेडमाकेंना फाशी दिली, तेही दाखवा." खरं आहे, २१ ऑक्टोबर १८५८. मोठा माणूस, मोठा प्रसंग. पण इंग्रजांविरुद्धचं त्यांचं युद्ध निराळं, चाळीस वर्षांनंतरचं. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढा, तो त्यांचा मान आहे.

साडेपाचला चंद्रपूर सोडा, नऊपर्यंत घरी. बरोबर म्हातारी माणसं किंवा अगदी लहान मुलं असतील, तर चंद्रपूर गाळा आणि पांढरकवड्याहूनच परत फिरा. एसटीनं येणाऱ्यांनीही तेच करावं. दोन जागा नीट पाहिलेल्या बऱ्या. आणि अमरावतीचे श्रोते असतील तर त्यांना चारशे किलोमीटर कशाला? चिखलदऱ्याचा गाविलगड आहे, १५ डिसेंबर १८०३च्या लढाईचा. तो एकच किल्ला दिवसभर पुरतो.

परतीच्या वाटेवर मुलं पेंगायला लागतील. त्याआधी एकच प्रश्न टाका. कोण जिंकलं, हा प्रश्न नको, तो पुस्तकात आहे. विचारा, पांढरकवड्याला तोफ ओढणारे बैल कोणाचे होते आणि ते परत गोठ्यात आले असतील का? उत्तर कोणत्याही बखरीत सापडायचं नाही. पण माझ्या त्या चिखलातल्या वीस मुलांपैकी कोणी आजही भेटला, तर बाजीरावाआधी त्या बैलांची आठवण काढतो.