हात न टेकता

आपल्या भाषेत 'हात टेकले' म्हणजे हार मानली. साठी उलटलेला माणूस जमिनीवरून उठताना खरोखरच हात टेकतो; आधी गुडघ्यावर, मग भिंतीला, पुढे मुलाच्या खांद्यावर. "वय झालं, चालायचंच," असे म्हणून आपण ते सोडून देतो. पण हा सारा दोष वयाचाच आहे काय?

वयाचा वाटा आहे, तो नाकारून चालणार नाही. उतारवयात स्नायू झिजतात. या झिजेला १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. आपण मांसक्षय म्हणू. स्नायूंत मुख्यतः दोन जातींचे तंतू असतात. एक संथ, पुष्कळ वेळ न थकणारे. दुसरे चपळ, क्षणात जोर लावणारे. झीज होते ती चपळ तंतूंची अधिक. म्हणूनच आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे २५० किलोमीटर पायी जाणारे एखादे आजोबा घरच्या उंबऱ्याला अडखळले, तर स्वतःला सावरू शकत नाहीत. चालण्याने दम टिकतो. सावरायला जोर लागतो. आणि त्या वयात खुब्याचे हाड मोडले, की हिंडताफिरता माणूस पुष्कळदा पूर्वीसारखा हिंडूफिरू शकत नाही.

दुसरा वाटा मात्र आपला आहे. पूर्वी जेवण, पूजा, निवडणे-टिपणे सारे जमिनीवर चाले. दिवसातून दहा वेळा खाली बसणे आणि उठणे, या न मोजलेल्या बैठकाच होत्या. आता पलंग आला, खुर्ची आली, बांधापर्यंत मोटारसायकल आली. त्यातून घरातला मान! "आबा, तुम्ही बसा, मी आणतो." तांब्यासुद्धा हातात मिळतो. हेतू चांगला, पण ज्या पायाला काम नाही, तो पाय दुबळा होणारच.

मग गेलेला जोर परत येतो काय? येतो. १९९० साली डॉ. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन येथील एका वृद्धनिवासातल्या प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा जणांकडून त्यांनी मांडीच्या स्नायूंचा, वजन उचलण्याचा व्यायाम आठ आठवडे करून घेतला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली! नव्वदीत हे होते, तर सत्तरीत का होऊ नये?

आपली परीक्षा घरीच घेता येते. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीशी धरा. ३० सेकंदांत किती वेळा पुरते उभे राहून पुन्हा बसता येते, ते मोजा. पुरुषांसाठी अमेरिकेत वापरतात ते कोष्टक असे: ६० ते ६४ वर्षांना १४, ६५ ते ७४ ला १२, ७५ ते ७९ ला ११ आणि ८० ते ८४ ला १०. यापेक्षा कमी भरले, तर पडण्याचा धोका अधिक समजावा.

आणि गंमत अशी, की जी परीक्षा तोच व्यायाम. घाई न करता उठा, तीन अंक मोजत सावकाश बसा. आठ-दहा वेळा करा, विसावा घ्या, पुन्हा करा. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. सोपे वाटू लागले, की बैठक थोडी खाली न्या. दाराची चौकट धरून एका पायावर उभे राहण्याचाही सराव ठेवा. तालमीतला वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढायला लावीत नाही. तोच नियम इथे. जेवणात डाळ, दूध, शेंगदाणे, चालत असल्यास अंडी असावीत. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, गुडघे सुजले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

शिक्षकबंधूंना एक विनंती. मुलांना एक आगळा गृहपाठ द्या: आजोबांच्या उठबशा मोजून वहीत मांडा आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. नातू शेजारी बसून मोजू लागला, की आजोबा दोन जास्तच काढतील.

वडीलधाऱ्यांना खुर्ची जरूर द्यावी. मात्र तिच्यातून उठण्याचे काम त्यांचे त्यांनाच करू द्यावे.