तिथला राखणदार कोण?



2022 सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. नेदरलँड्समधल्या होफडॉर्प गावात आम्ही दोघांनी एक घर पसंत केलं होतं. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर तीन खोल्या, पुढे वीतभर अंगण, मागे छोटीशी बाग. दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून शेजाऱ्यांची घरं. किंमत ठरली होती आणि त्या दिवशी घराची तपासणी होती. तपासायला आलेल्या गृहस्थांनी छत पाहिलं, खिडक्यांच्या चौकटी दाबून पाहिल्या. मग पुढच्या दारातलं पायपुसणं बाजूला सारून त्यांनी त्याखालची चौकोनी फळी उचलली. अंगात डगला चढवला, हातात विजेरी घेतली आणि ते चक्क जमिनीखाली उतरले.

आम्ही गुडघे टेकून वाकून पाहिलं. खाली जेमतेम कमरेइतकी पोकळी होती. करडी वाळू, तिच्यावरून गेलेले नळ आणि ओल्या मातीचा वास. ते पोटावर सरपटत पार टोकापर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, "वाळू कोरडी आहे, खांब काँक्रीटचे आहेत. पाणी खालीच आहे, जिथे असायला हवं तिथे."

मी वेंगुर्ले तालुक्यातली. आमच्याकडे घर बांधायच्या आधी पाणी कुठे लागेल ते बघतात, कारण विहीर खणायची असते. इथे पाणी घराखालीच होतं आणि ते वर येऊ नये म्हणून बघायचं होतं. रात्री आईला फोनवर हे सगळं सांगितलं. तिने किंमत विचारली नाही, खोल्या विचारल्या नाहीत. ती म्हणाली, "गो, घराखाली पाणी म्हणतंस, मगे थयलो राखणदार कोण?"

कोकणातल्या श्रोत्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगते. आमच्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतो. आरवलीचा वेतोबा रात्री गावाभोवती फेरी मारतो, म्हणून भाविक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. चालून चालून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. गाव निवांत झोपतं, कारण कुणीतरी जागं असतं. आईचा प्रश्न त्या श्रद्धेतून आला होता. त्याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. ते मिळत गेलं तसं आज आपल्याला सांगते आहे.

होफडॉर्प ज्या जमिनीवर उभं आहे, ती पावणेदोनशे वर्षांपूर्वी जमीनच नव्हती. तिथे हारलेमरमेर नावाचं सुमारे 180 चौरस किलोमीटरचं सरोवर होतं. वाऱ्याच्या दर तडाख्यासरशी ते काठ खात मोठं होत होतं. 1836 सालच्या वादळांत त्याचं पाणी एकदा ॲमस्टरडॅमच्या आणि एकदा लायडनच्या वेशीपर्यंत पोचलं, तेव्हा ते उपसून टाकायचं ठरलं. सरोवराभोवती सुमारे साठ किलोमीटरचा कालवा खणला, बांध घातला आणि वाफेवर चालणारी तीन पंपगृहं बसवली. तीन वर्षांहून अधिक काळ उपसा चालला. 1852 साली तळ उघडा पडला. त्या तळावर शेतं आली, गावं आली, पुढे स्खिपोल विमानतळही आला. तिन्ही पंपगृहांपैकी क्रूकियस आज संग्रहालय म्हणून बघता येतं. होफडॉर्पमध्ये एका वसाहतीचं नावच 'ख्रान फोर फिस' आहे, म्हणजे माशांच्या जागी धान्य. सरोवराचा सगळा इतिहास त्या तीन शब्दांत आला.

आमचं घर समुद्रसपाटीच्या सुमारे चार मीटर खाली आहे. पंप थांबले तर पाऊस आणि जमिनीतून झिरपणारं पाणी मिळून सरोवर परत आपल्या जागी येईल. म्हणून आजही उपसा चालूच असतो.

आता घर विकत घ्यायचं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. विकणाऱ्याचा एक दलाल असतो, घेणाऱ्याने आपला वेगळा नेमायचा. बोली बहुधा बंद पाकिटासारखी असते. दुसऱ्याने किती लावली ते कळत नाही. त्या वसंतात मागणी अशी होती, की सांगितलेल्या किमतीपेक्षा बरंच जास्त द्यावं लागत होतं. बँकेचं कर्ज मात्र घराच्या ठरलेल्या मूल्याइतकंच मिळतं. त्यावरची रक्कम, 2 टक्के हस्तांतरण कर, नोटरीची फी, हे सगळं स्वतःच्या खिशातून. पहिली दोन घरं आमच्या हातून गेली. दुसरं गेलं त्या रात्री आम्ही जेवलोही नाही.

पण त्या व्यवहारात एक गोष्ट मला मनापासून आवडली. सह्या झालेला करारनामा हातात आल्यावर घेणाऱ्याला तीन दिवस विचाराला मिळतात. तेवढ्यात मन बदललं, तर कारण न सांगता मागे फिरता येतं आणि दंड लागत नाही. ही मुभा फक्त घेणाऱ्याला आहे, विकणाऱ्याला नाही. आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी भुलून, घाईत किंवा भीतीपोटी होऊ नये, एवढी काळजी कायद्यानेच घेतली आहे. ते तीन दिवस आम्ही संध्याकाळी त्या गल्लीत नुसते चालत होतो. कुणाच्या स्वयंपाकघरात दिवा आहे, मुलं कुठे खेळतात, किती वाजता सगळं शांत होतं, ते बघत होतो.

पैसे विकणाऱ्याच्या हाती थेट जात नाहीत, नोटरीच्या खात्यातून जातात. दस्ताचं वाचन होतं त्या दिवशी सकाळी घर पुन्हा एकदा बघायचं, वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे टिपायचे आणि मग नोटरीसमोर बसायचं. आमचं डच तेव्हा कच्चं होतं. घेणाऱ्याला कळल्याशिवाय सही घ्यायची नाही, म्हणून शपथबद्ध दुभाष्या बसवला होता. त्याच दिवशी जमिनीच्या सरकारी नोंदवहीत, कडास्टरमध्ये, आमची नावं चढली. आपल्या सातबाऱ्याची ही थोरली बहीण. 1832 पासून त्या देशातला प्रत्येक तुकडा तिच्यात नोंदलेला आहे.

राहायला गेलो आणि पहिल्या आठवड्यातच जाणवलं ते तिथलं शांतपण. विमानं जातात, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे कधी जास्त, कधी कमी. पण गल्लीत गाडी वेगाने जात नाही. रस्ता सरळ नाही, तो झाडांच्या वाफ्यांना वळसे घालत जातो आणि एका अंगणात संपतो. निळ्या पाटीवर घर, मोटार, माणूस आणि चेंडू खेळणारं मूल असं चित्र आहे. त्याला वोनएर्फ म्हणतात. अशा भागात गाडीने पायी चालणाऱ्याच्या गतीने जायचं असतं आणि रस्त्याच्या मधोमध खेळणाऱ्या मुलाला हॉर्न वाजवून हटवायचं नसतं. वरून पाहिलं तर फांदीला फांदी फुटावी तशा या गल्ल्या दिसतात, म्हणून सत्तरच्या दशकातल्या अशा वसाहतींना तिथले लोक फ्लॉवरच्या गड्ड्याच्या नावाने ओळखतात.

मला वाटलं होतं, हे त्या लोकांच्या स्वभावातच असणार. आमच्या भिंतीपलीकडे एक आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. घर नवं असतानाच त्या तिथे आल्या. एके दिवशी कॉफी पिताना मी म्हटलं, "तुमचा देश किती शांत आहे." त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "शांत नव्हता. आम्ही भांडून घेतलाय."

मग त्यांनी सांगितलं आणि पुढे मी वाचलंही. 1971 साली नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांत 400हून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. आंदोलनाचं नाव होतं 'स्टॉप दे किंडरमोर्ट', म्हणजे मुलांची हत्या थांबवा. लोकांनी रस्ते अडवले, रस्त्यात टेबलं मांडून जेवले. डेल्फ्ट शहराने साठच्या दशकाच्या अखेरीस वळणाच्या गल्ल्यांचा प्रयोग सुरू केला होता, त्याला 1976 साली कायद्याची मान्यता मिळाली. आजी स्वतः कडेवर मूल घेऊन एका मोर्चात गेल्या होत्या. तेव्हा मला समजलं, की ज्या शांततेसाठी आम्ही कर्ज काढलं, तिची पहिली किंमत आमच्या आधी इतरांनी मोजली होती. आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या कॉफीच्या टेबलावर मिळालं.

उरलेलं अर्धं पाण्यापाशी होतं. नेदरलँड्समध्ये पाणी सांभाळायला वेगळी मंडळं आहेत. आज अशी 21 पाणीमंडळं आहेत. आमचं राइनलँड तेराव्या शतकापासून काम करतं आहे. बांध, पंप, कालव्यांची पातळी आणि सांडपाण्याचं शुद्धीकरण ही त्यांची कामं. त्यांचा स्वतःचा कर आहे. आम्ही भाड्याने राहत होतो तेव्हाही तो भरत होतो. घर घेतल्यावर बिलात घरमालकाची म्हणून एक ओळ वाढली. पूर आला की बांधावरून गस्त घालणारी माणसं असतात, त्यांत पुष्कळ जण स्वयंसेवक असतात. रात्री, पावसात, हातात विजेरी घेऊन ती चालतात. आणि गस्त फक्त पुरातच लागते असं नाही. 2003 सालच्या ऑगस्टमध्ये विल्निस गावाजवळचा एक बांध कोरड्या उन्हाळ्यात फुटला. तो पीट नावाच्या, कुजलेल्या झाडझाडोऱ्याच्या मातीचा होता. ती माती वाळून हलकी झाली आणि पाण्याच्या दाबाने बांध जागचा सरकला. रात्री झोपेत असलेल्या एका निवांत वसाहतीच्या दारात पाणी आलं. तेव्हापासून दुष्काळातही बांध चालून पाहिले जातात, भेगा शोधल्या जातात.

पाणीमंडळांची निवडणूक होते. 15 मार्च 2023 रोजी ती प्रांताच्या निवडणुकीबरोबर झाली. आजींच्या हातात मतदानाची दोन पत्रं होती, आमच्या हातात एक. प्रांतासाठी त्या देशाचं नागरिकत्व लागतं, पाण्यासाठी मात्र तिथे रीतसर राहणाऱ्या परदेशी माणसालाही मत देता येतं. पाणी घरात शिरताना पासपोर्ट विचारत नाही, हे त्या लोकांनी शतकानुशतकं अनुभवलेलं आहे. शाळेच्या सभागृहात चादरीएवढी मतपत्रिका उलगडून मी लाल पेन्सिलीने एक वर्तुळ भरलं. परक्या देशातलं माझं ते पहिलं मत.

आमच्या बागेमागे एक चर आहे. तिला तिथे स्लोट म्हणतात. तिच्या काठापर्यंत आमची हद्द. ऑक्टोबरच्या सुमारास मंडळाचं पत्र आलं. ज्याची हद्द चरीला लागते, त्याने आपल्या बाजूचं शेवाळ, गवत, गाळ काढायचा. मग मंडळाची माणसं येऊन पाहून जातात. चर तुंबली, की पावसाचं पाणी पंपापर्यंत पोचत नाही. शनिवारी सकाळी आख्खी ओळ मागच्या बाजूला उतरली. कुणी लांब दांड्याचं दंताळं आणलं, कुणी थर्मासमधून कॉफी. आजींना वाकता येत नाही, म्हणून त्यांचा भाग आम्ही केला. त्या काठावर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि कुठे अजून राहिलंय ते काठीने दाखवत होत्या. दुपारपर्यंत चर मोकळी झाली. पाणी हळूहळू सरकू लागलं, ते डोळ्यांना दिसलं.

परदेशात घर घ्यायचं मनात असलेले काही श्रोते हे ऐकत असतील. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घर बघायला जाल तेव्हा खोल्या आणि किंमत तर बघालच, पण त्या जागेचं शांतपण कोण राखतं, तेही विचारा. आणि राहायला गेल्यावर त्या राखणीतला आपला वाटा उचला. सही करून घराचे मालक होता येतं. तिथले होण्यासाठी मात्र त्या चरीत उतरावं लागतं.

चर साफ केली त्या संध्याकाळी आईचा फोन आला. मी फोन फिरवून तिला मागचं दार दाखवत होते, तर तिचं लक्ष उंबऱ्याकडे गेलं. तिथे आम्हा दोघांचे गमबूट ठेवले होते, चिखलाने घोट्यापर्यंत भरलेले. तिने काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. ती थोडा वेळ बुटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वेतोबाच्यो चपलो अश्योच झिजतत गो."

राखणदार कोण, ते तिने मग परत विचारलं नाही.