चार दिवसांचे नगरदर्शन

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी मला केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करलेला आणि सारी हयात बुलढाणा जिल्ह्यातील शाळांत घालवलेला मनुष्य. परदेश मी पाहिलेला नाही. तथापि आज ज्यांचा गौरव झाला त्यांपैकी दोघेजण विनिमय योजनेखाली लवकरच परदेशी जाणार आहेत असे समजते. म्हणून त्यांच्या आईबापांपुढे उद्या हमखास उभा राहील असा एक लहानसा प्रश्न मी आज घेतो. शिकावयास गेलेल्या मुलाने अथवा मुलीने सुटीच्या तीनचार दिवसांत एखादे शहर पाहावयास जावे, की न जावे?

विनिमय म्हणजे अदलाबदल. इकडचा विद्यार्थी एक सत्र तिकडे शिकतो, तिकडचा इकडे येतो. शिक्षणशुल्क बहुधा आपापल्या विद्यापीठातच भरावयाचे असते आणि तिकडे पुरे केलेले विषय इकडच्या पदवीत धरले जातात. जर्मनीत या कार्यासाठी १९२५ पासून स्वतंत्र संस्था आहे. युरोपातील राष्ट्रांनी १९८७ साली ‘इरॅस्मस’ नावाची योजना काढली. इरॅस्मस हा अनेक नगरांतून हिंडून विद्या मिळवणारा डच पंडित. शुल्क वाचले तरी विमानभाडे आणि राहण्याजेवण्याचा खर्च घरावर पडतोच. आणि म्हणूनच हा प्रश्न लहान असूनही घरोघर जड होतो.

माझ्या नात्यात नात लागणारी एक मुलगी पुण्याच्या महाविद्यालयातून एका सत्रासाठी जर्मनीतील लाइप्झिग येथे गेली होती. वडील मेहकर तालुक्यातील शेतकरी. सोयाबीन विकून आणि काही कर्ज काढून त्यांनी तिला पाठविले. तेथे सलग चार दिवसांची सुटी आली तेव्हा तिने बर्लिनला जाण्याची परवानगी मागितली. लाइप्झिगहून बर्लिन म्हणजे बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगर, त्याहून थोडे अधिक. वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, “गुरुजी, पोरीले शिकाले धाडलं का हिंडाले?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. परंतु मी त्यांना म्हटले, “दादा, तुम्ही नाही म्हणालात तर दोन गोष्टी होतील. एक, ती जाणार नाही आणि मनात खंत धरील. दुसरी, ती न सांगता जाईल. आणि मग पुढे कोणतीच गोष्ट सांगणार नाही. यांपैकी कोणता तोटा तुम्हांस परवडेल?” ते बराच वेळ गप्प राहिले. शेवटी आम्ही असे ठरविले की मुलीने खुशाल जावे. मात्र जाण्यापूर्वी काय पाहणार ते लिहून कळवावे, आणि आल्यावर खर्चाचा व पाहिलेल्याचा, दोन्ही हिशेब मराठीत लिहून धाडावेत.

तिची उतरण्याची सोय कोठे झाली हे ऐकून मला, एक शिक्षक म्हणून, विशेष आनंद झाला. तरुणांसाठी असलेल्या स्वस्त वसतिगृहात ती राहिली. या वसतिगृहांची कल्पना मूळची रिखार्ड शिरमान नावाच्या एका जर्मन शाळामास्तराची. १९०९ साली मुलांना पायी सहलीस नेले असता वादळी पावसात गाठले जाऊन त्यांनी एका शाळेत आसरा घेतला. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत हिंडत्या विद्यार्थ्यांची सोय का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात त्या रात्री आला. पुढे आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह उघडले आणि आज ही सोय जगभर पसरली आहे. सहल हा शिक्षणाचाच भाग आहे असे मानणारा शिक्षक होता, म्हणूनच गरिबाच्या मुलाला परगावी निवारा मिळाला.

मुलीने तीनच स्थळे निवडली होती. पहिले, बर्नाउअर रस्ता. १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिन दुभंगले तेव्हा या रस्त्यावरची घरे पूर्वेत आणि घरांपुढचा पदपथ पश्चिमेत, अशी अवस्था झाली. माणसांनी आपल्याच घराच्या खिडक्यांतून परदेशात उड्या टाकल्या. ती भिंत ९ नोव्हेंबर १९८९ रोजी खुली झाली. दुसरे, विद्यापीठासमोरचा चौक. १० मे १९३३ रोजी तेथे पुस्तकांची होळी करण्यात आली, आणि ती करणाऱ्यांत विद्यार्थी होते, प्राध्यापकही होते. १९९५ पासून तेथे जमिनीखाली पांढऱ्या रिकाम्या फडताळांची एक खोली आहे. वरच्या काचेतून वाकून पाहावयाचे. आत काहीच नाही, हेच स्मारक.

तिसरे स्थळ तिने निवडले ते आपल्या मराठी माणसांसाठी. बर्लिनच्या डालेम भागातील मानववंशशास्त्राच्या संस्थेत इरावतीबाई कर्वे यांनी संशोधन केले आणि १९३० साली डॉक्टरेट मिळविली. त्यांचे मार्गदर्शक ऑइगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेच्या मताचे. कवटीच्या ठेवणीवरून वंशाची श्रेष्ठता ठरते का, हे इरावतीबाईंनी कवट्या मोजून तपासले आणि तसा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष मांडला. परक्या देशी, गुरूच्या मताविरुद्ध, एका मराठी विद्यार्थिनीने! पुढे नाझी राजवटीत याच संस्थेची विद्या मनुष्यसंहाराच्या सेवेस लागली. आज त्या इमारतीत दुसरे विद्यापीठ आहे आणि दारावरचा फलक तो इतिहास सांगतो.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. इरावतीबाईंच्या जर्मनीस जाण्यास त्यांचे सासरे महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचा विरोध होता. ज्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले त्यांचा! पती दिनकरराव, जे स्वतः लाइप्झिगला शिकलेले, त्यांनी मात्र पाठबळ दिले, आणि कर्ज काढून त्या गेल्या. अण्णासाहेब स्वतः १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, युरोपच्या प्रवासास निघाले आणि बर्लिनमध्ये आइनस्टाइन यांना भेटले. थोरामोठ्यांच्या घरीही हा प्रश्न सुखासुखी सुटला नाही, मग आपल्या घरी वाद झाला तर त्यात कमीपणा तो कोणता?

आता विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. आपल्या लोणारला लांबलांबून मंडळी येतात, काठावर उभे राहून छायाचित्र काढतात आणि तासाभरात परततात. त्यांना विवर दिसते, लोणार दिसत नाही. जो खाली उतरतो, खाऱ्या पाण्यापाशी जातो, देवळांतून थांबतो, त्यालाच ते दिसते. शहराचेही तसेच. चार दिवसांत दहा शहरांना शिवून येण्यापेक्षा एकाच शहरात उतरावे. जाण्यापूर्वी चौकशी करावी; बर्लिनची पुष्कळ संग्रहालये सोमवारी बंद असतात, आणि तेथील सुप्रसिद्ध पेर्गामॉन संग्रहालय तर ऑक्टोबर २०२३ मध्ये दुरुस्तीसाठी बंद करण्यात आले. उलटपक्षी, संसदभवनाचा काचेचा घुमट आगाऊ नोंदणी केल्यास विनामूल्य पाहता येतो. विद्यार्थ्याचे ओळखपत्र, पारपत्र आणि विम्याचे कागद जवळ असावेत. कोठे उतरणार हे घरी व विद्यापीठातील सोबत्यांस सांगून निघावे. आणि परतल्यावर लिहावे. छायाचित्रे घरी धाडणे म्हणजे हिशेब देणे नव्हे.

त्या मुलीचे सहा पानांचे पत्र मी तिच्या वडिलांना वाचून दाखविले. खर्चाचा आकडा त्यांनी एकदा ऐकला आणि सोडून दिला. बर्नाउअर रस्त्याचा मजकूर मात्र दोनदा वाचावयास लावला. “ते घरं हायेत का अजून?” त्यांनी विचारले. मला ठाऊक नव्हते. त्याच रात्री त्यांनी भ्रमणध्वनीवरून मुलीलाच विचारले. लोकांना बाहेर काढून ती घरे पुढे पाडण्यात आली, असे तिने सांगितले. आणि बापलेक अर्धा तास बोलत राहिले. एरवी त्यांचे बोलणे “पैसे पुरले का?” येथे संपत असे.

बंधुभगिनींनो, मुलाला परदेशी पाठविताना आपण पैसा मोजून देतो. त्याबरोबर थोडा विश्वासही द्यावा. आणि विद्यार्थ्यांनी त्या विश्वासाची परतफेड मागितल्यावाचून करावी. आज गौरव झालेल्या सर्वांस माझे आशीर्वाद आहेत.