खाजगी होडी आणि कस्टमची चौकी

नाशिककराला समुद्र तसा लांबच. आपली गोदावरी त्र्यंबकला उगम पावते ती थेट पूर्वेच्या समुद्राला जाऊन मिळते. गंगापूर धरणाच्या पाण्यात होडी हाकली तर कस्टमचा शिपाई काही आडवा यावयाचा नाही. मग ही उठाठेव कशाला, असे तुम्ही विचाराल. पण द्राक्षे परदेशी धाडणाऱ्या बागाईतदाराला माल बंदरातून सुटण्याआधी किती कागद लागतात ते ठाऊक आहे. मोठ्या जहाजाला जो कायदा, तोच परदेशातून येणाऱ्या चार माणसांच्या शिडाच्या होडीलाही.

कटकट जुनीच आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात परवाने सुरू केले. त्यांना म्हणत 'कार्ताझ'. तो जवळ नसला की गलबत मालासकट जप्त! पुढे कान्होजी आंग्र्यांनी तेच हत्यार उलटवले. कोकणपट्टीवरून जायचे तर आंग्र्यांचे दस्तक घ्या, म्हणाले. इंग्रजांना ते फार झोंबले.

गुरुजींनी वर्गात नकाशा उघडून तेरेखोल नदी जरूर दाखवावी. आरोंद्याच्या माणसाला पलीकडचा तीर डोळ्यांनी दिसे, पण 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त होईपर्यंत तो परका मुलूख होता. आता ती दोन राज्यांची हद्द आहे. गोव्याहून दारूच्या बाटल्या आणणाऱ्याला वाटेत अडवतात ते राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याचे लोक, कस्टमचे नव्हेत. पुष्कळांचा इथे घोटाळा होतो.

आता 1962 चा सीमाशुल्क कायदा काय म्हणतो ते ऐका. परदेशातून आलेल्या नौकेने प्रथम टेकायचे ते सरकारने जाहीर केलेल्या सीमाशुल्क बंदरातच. वाटेतली सुंदर पुळण दिसली म्हणून तिथे नांगर टाकता येत नाही. परदेशी निघतानाही अधिकाऱ्याचा लेखी हुकूम हाती पडल्याशिवाय सुटायचे नाही. बाहेरच्या देशांतही असेच. बंदरात शिरताना पिवळे निशाण चढवायचे आणि तपासणी होईपर्यंत कोणी काठावर उतरायचे नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडात तर ताजी फळे नि मधदेखील काढून घेतात. आपल्या पिकावर परकी कीड नको, हे कारण शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे 2009-10 साली 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. वाटेत चारच बंदरांत थांबले, आणि त्यांतले एक ऑस्ट्रेलियातले, एक न्यूझीलंडातले होते.

पण वादळ झाले, शीड फाटले, होडी भलत्याच किनाऱ्याला लागली, तर? कायदा इतका निर्दय नाही. तांडेलाने ताबडतोब जवळच्या कस्टम अधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला वर्दी द्यायची. परवानगीवाचून माल उतरवायचा नाही, माणसांनी होडीपासून लांब जायचे नाही. जिवावरच बेतले असेल तर मात्र माणसे बाहेर काढायला कोणाची आडकाठी नाही.

एवढी कडक नजर कशासाठी, ते आपण 1993 साली भोगले. त्या वर्षाच्या आरंभी रायगडच्या दिघी आणि शेखाडी या किनाऱ्यांवर शस्त्रे व स्फोटके उतरली. 12 मार्चला मुंबईत 257 माणसे गेली. लाच घेऊन डोळेझाक करणाऱ्या कस्टम अधिकाऱ्यांनाही पुढे न्यायालयाने शिक्षा दिल्या. नियम होते, चौकी होती; राखणारा फितूर झाला.

होडीच्या मालकाने आणखी एक ध्यानात ठेवावे. चोरटा माल वाहताना होडी सापडली तर ती सरकारजमा होऊ शकते. आपल्याला, आपल्या गुमास्त्याला आणि तांडेलालाही याची काही खबर नव्हती, हे मालकालाच शाबीत करून द्यावे लागते. "मी तर नुसती भाड्याने दिली होती," एवढ्याने भागत नाही. म्हणून कोण नेतो, कुठे नेतो, काय भरतो, हे होडी सुटण्यापूर्वी विचारून वहीत टिपून ठेवावे, आणि नेणाऱ्याची सही घ्यावी.