भूकंप आणि विहिरीचे पाणी

 

शिंदखेड्यात पाण्याचा विषय निघाला की पाऊस, विहीर आणि तापी यांची चर्चा होते. भूकंपाची आठवण सहसा कोणास होत नाही. तथापि खानदेश भूकंपापासून सर्वथा अलिप्त नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपांनी तर दख्खनचा काळा पाषाण अचल आहे, हा समज कायमचा पुसून टाकला.

अशा हादऱ्याने पाण्याचे काय होते? तालुक्याच्या बहुतांश भागाखाली हाच पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या मुरमात साठते. भूकंपाने खडक दाबला गेला तर विहिरीची पातळी चढते, ताणला गेला तर उतरते. भेग रुंदावली तर पाणी नवी वाट धरते. गाळाने बुजली तर झरा आटतो. भेगांतील माती सुटून पाणी गढूळ होते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने कोयना-वारणा परिसरात २१ बोअर घेऊन पातळीच्या नोंदी ठेवल्या. काही भूकंपांच्या वेळी त्यांत काही सेंटीमीटरांचे चढउतार आढळले.

गाळाच्या भूमीत हा परिणाम डोळ्यांना दिसतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणात वाळूसह पाणी उसळून वर आले. लुप्त सरस्वती प्रकटली, असे काहींना वाटले. वस्तुतः हादऱ्याने ओली वाळू द्रवासारखी झाली आणि तिच्यातील पाणी वर फेकले गेले. नद्याही यातून सुटत नाहीत. १५ ऑगस्ट १९५० च्या आसाम भूकंपात दरडी कोसळून सुबनसिरी नदी अडली. काही दिवसांनी तो बांध फुटला आणि खालच्या गावांवर पूर लोटला.

या सर्वांचे सार एवढेच, की भूकंप नवे पाणी निर्माण करीत नाही. तो असलेल्या पाण्याची जागा बदलतो. व्यापाऱ्याच्या भाषेत, एका खात्यात जमा तर दुसऱ्या खात्यात नावे. म्हणून ज्याच्या विहिरीस अकस्मात पाणी वाढले, त्याने ते स्वतःचा नफा समजू नये; ज्याची आटली, त्याने घाईने खोल बोअर घेऊ नये. कित्येकदा पातळी काही दिवसांत वा आठवड्यांत पूर्ववत होते. तोपर्यंत शेजाऱ्यास पाणी देणे हाच अपरिग्रह होय.

पाणी गाळून पिण्याची जैन परंपरा जीवदयेची आहे. परंतु भूकंपानंतर गढूळ झालेले पाणी केवळ वस्त्राने निर्दोष होत नाही. ते उकळावे आणि तपासणी झाल्याखेरीज पिण्यास वापरू नये. उकळल्याने जंतू मरतात. विरघळलेले क्षार मात्र तसेच राहतात.

दुकानाची रोकड रोज मोजली जाते. विहिरीची पातळी मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने गावातील प्रत्येक विहिरीची एक वही सुरू व्हावी. दर महिन्यास दोरीने पातळी मोजून तारखेसह लिहावी. पूर्वीची शिल्लक ठाऊक असेल, तरच हादऱ्यानंतर काय गेले आणि काय आले, हे कळेल.

जय जिनेंद्र!